पुरात तरंगलेला तंबोरा

सप्रेम नमस्कार. माझ्या आत्येसासूबाईंचा तंबोरा आमच्याकडे आहे. त्या बडोद्याच्या गायनशाळेत शिकलेल्या. दांडिया बाजारातल्या वाड्यात अगदी अखेरपर्यंत पहाटे गायला बसायच्या. त्या गेल्या, वाडा विकला आणि तंबोरा आमच्या अकोट्याच्या घरी आला. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यावर दोन दिवस कंबरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर तंबोरा तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. ह्यांनी तो गाद्यांबरोबर गच्चीत उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, घोडीखालून (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालून) उभी चीर गेली, भोपळा एका अंगाने फुटला आणि उचलायला गेलो तर दांडी गळ्यापाशी सुटून हातात आली. तेव्हापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. आमचे मिस्त्री म्हणतात, फेव्हिकॉल मारून दोन दिवसांत करून देतो. दीर म्हणतात, चिकटवून दिवाणखान्यात टांगा. घोडी हस्तिदंती आहे म्हणून जुन्या वस्तू घेणारा एकजण बरे पैसे द्यायला तयार आहे. वाद्यांच्या एका दुकानात सांगितलं, भोपळा गेला, आता नवाच घ्या. आमची मुलगी गाणं शिकते, मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करते, तिला हाच हवाय. नवा भोपळा घातला तर तो आत्याबाईंचा तंबोरा राहील का? आणि त्या उन्हाचं ह्यांना फार लागून राहिलंय, त्यांना काय सांगू?
— एक वाचक, वडोदरा

ताई, पुढचं वाचण्याआधी माळ्यावर कुणाला तरी चढवा आणि तो तंबोरा प्लास्टिकमधून बाहेर काढा. बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडून राहते आणि भोपळ्याला बुरशी धरायला आयतं निमित्त मिळतं. जमिनीवर गादी, गादीवर जुनी सुती चादर आणि चादरीवर तंबोऱ्याचे सगळे भाग सुटे मांडा. खोलीत वारा खेळता हवा. थेट ऊन नको आणि पंख्याचा झोतही नको. दांडी सुटलेली आहे म्हणजे तारांवरचा ताण गेलेलाच आहे, तेव्हा फुगून अडकलेल्या खुंट्यांना पकड लावत बसू नका, तारा सरळ कापून टाका. गंजलेल्या तारा तशाही जायच्याच आहेत.

पुराचा गाळ वाळून सांध्यांत बसला असेल. तो रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून. ओलं फडकं, डेटॉल, खोबरेल यातलं काहीही लावायचं नाही. झाडताना जे जे गळून पडेल, नक्षीची टिकली असो, भोपळ्याची कपची असो की मणी असो, ते पाकिटात घालून पाकिटावर ‘कुठून पडलं’ ते लिहा. आणि काहीही हलवण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढा. पुढे कारागिरासमोर तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा त्या फोटोंचा उपयोग जास्त होईल.

तंबोरा आतून कोरडा झालाय की नाही हे हात लावून कळत नाही. वजन करा. प्रवासाची बॅग तोलायचा काटा असतो ना, तो चालेल. दर रविवारी भोपळ्याचा भाग तोला आणि आकडा वहीत लिहा. आकडा हलायचा थांबला की समजायचं, लाकडातली आणि भोपळ्यातली जादा ओल गेली. तोपर्यंत कुणालाही कसलाही गोंद लावू देऊ नका. ओल्या लाकडावर केलेला सांधा लाकूड आकसलं की पुन्हा उघडतो. या दिवसांत चादरीवर पिठासारखी बारीक भुकटी पडताना दिसली तर लाकडाला कीड लागलीय, हेही कारागिराला आधीच सांगावं लागेल.

आता तुमच्या यजमानांचं. विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलाजवळची २६ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, घरोघरच्या गच्च्यांवर गाद्या, वह्या, लग्नाचे अल्बम सगळं वाळत पडलं होतं, त्यात एक तंबोरा. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. तरी घडलं काय ते नीट समजून घ्या, म्हणजे त्यांनाही सांगता येईल. दोन दिवस पाण्यात राहिलेली पातळ तबली फुगलेली होती आणि घोडीवर चारही तारांचा ताण तसाच होता. उन्हात वरचा थर भराभर आकसला, आतला ओलाच राहिला, आणि लाकूड आपल्या रेषेवर फाटलं. ती चीर उन्हाची, हे खरं. दांडी सुटली ते मात्र पाण्यामुळे. जुने तंबोरे सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो. ऊन लागलं नसतं तरी गळ्याचा तो सांधा गेलाच असता.

आणि तो गेला ते एका अर्थी बरंच झालं. सुटलेल्या सांध्याची दोन्ही तोंडं उजेडात पाहा. जुन्या लाकडाचा स्वच्छ, सपाट पृष्ठभाग आणि त्यावर काचेसारखे चमकणारे तपकिरी कण दिसले तर तो सरस. ओलं बोट त्यावर मिनिटभर ठेवा, चिकट लागेल. म्हणजे लाकूड तुटलेलं नाही, जोड उघडलाय. जनावराच्या कातडीपासून केलेल्या या डिंकाची खुबी हीच, की वाद्यावर जास्त ताण आला तर लाकूड फाटायच्या आधी तो सांधा सोडून देतो, आणि गरम पाण्याने तो पुन्हा सोडवता येतो. पुढच्या पिढ्यांच्या दुरुस्तीची सोय त्यात आधीच करून ठेवलेली असते.

म्हणूनच मिस्त्रींना गोड बोलून थांबवा. माणूस चांगला असेल, कपाटं उत्तम करत असेल, पण फेव्हिकॉल लाकडाच्या छिद्रांत एकदा शिरला की नीट निघत नाही, आणि त्यावर पुन्हा सरस धरत नाही. शिवाय तारांचा ताण रात्रंदिवस असतो. तसल्या कायमच्या ओढीखाली हा पांढरा गोंद हळूहळू सरकतो आणि दांडी पुढे झुकते. दोन नळ्यांचा तो एपॉक्सी गोंद तर त्याहून वाईट, तो निघताना लाकूडच घेऊन निघतो. कारागिराकडे फुटकं वाद्य आलं तर तो खूश असतो. फुटकं, वर कुणीतरी चिकटवलेलं आलं की कपाळाला हात लावतो. मिस्त्रींना काही करायचंच असेल तर तंबोरा न्यायला आतून गादी लावलेली एक लाकडी पेटी करायला सांगा. त्यात त्यांचा मानही राहील.

दीर म्हणतात तसं चिकटवून टांगायलाही माझी हरकत नाही, पण ते काम वेगळं आहे हे घरात आधी ठरवा. भिंतीवरच्या तंबोऱ्याला ताण सोसायचा नसतो. तिथे जेवढं आहे तेवढं स्वच्छ करून, तारा सैल ठेवून, काहीही न बदलता जपणं हेच उत्तम. भेग भेगच राहू द्यायची. गाण्यासाठी उभा करायचा तर काही भाग उघडावे लागतील, काही बदलावे लागतील, नवीन लाकूड येईल. दोन्हींच्या मधलं, म्हणजे दिसायलाही जुना आणि वाजायलाही तयार, असं मागितलंत की कारागीर वरून चकाचक करून देतो आणि आत तडजोड करतो. मुलगी रोज गाणार असेल तर माझं मत गाण्याच्या बाजूने. पण ती खरंच रोज मांडीजवळ घेऊन बसणार आहे ना, हे तिला एकदा विचारा. मोबाइल सुरात लावावा लागत नाही, तंबोरा रोज लावावा लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भोपळ्याचा.

आधी तो खरंच गेलाय का ते पाहा. फुटलेला भोपळा आणि कुजलेला भोपळा यांत फार अंतर आहे. फुटीपासून दूर, वेगवेगळ्या जागी बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. टणक, कोरडा आवाज आला तर ती जागा जिवंत आहे. बद्द आवाज आला, किंवा अंगठ्याने किंचित दाबल्यावर कवच आत गेलं, तर तिथे कूज आहे. फुटीतून मोबाइलचा उजेड टाकून आतली बाजू पाहा, काळी बुरशी वरवरची आहे की कवच भुसभुशीत झालंय ते कळेल. नुसता फुटलेला असेल तर तुकडे जुळवून सरसाने जोडतात, आतून सरसात भिजवलेल्या सुती कापडाचं अस्तर देतात, आणि एखादा तुकडा हरवला असेल तर दुसऱ्या भोपळ्याचं ठिगळ तासून बसवतात. अशी ठिगळं लावलेले तंबोरे मैफलींत सर्रास वाजतात, श्रोत्यांना पत्ता नसतो. दुकानदाराने तो उघडून पाहिला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न उघडता ‘गेला’ म्हणणाऱ्याला बहुधा नवा विकायचा असतो.

कुजलेलाच निघाला तर मात्र बदलावा लागेल, आणि त्यात मला काहीही बिघडलेलं वाटत नाही. तार छेडली की तिची थरथर घोडीतून तबलीत उतरते. तबली हलते तेव्हा आपल्याला नाद ऐकू येतो. भोपळ्यातली हवा त्याला घुमारा देते. भोपळा महत्त्वाचा आहेच, पण त्याचं काम मुख्यतः त्याच्या पोटातल्या पोकळीचं. त्याच मापाचा, त्याच जाडीचा, नीट वाळवलेला दुसरा मिळाला तर आवाज फार दूर जात नाही. तबलीचं तसं नाही. तुणीच्या लाकडाची ती फळी इतकी वर्षं त्या घोडीखाली, त्या ताणाखाली, आत्याबाईंच्या त्या चार सुरांवर हलत आलेली आहे. तुम्ही ज्याला त्यांच्या तंबोऱ्याचा आवाज म्हणता तो बहुतांशी त्या फळीत आहे. तेव्हा भोपळ्यासाठी रडू नका आणि तबलीसाठी भांडा.

भांडा म्हणते कारण वेळ तशी येणार आहे. चिरलेली तबली दिसली की ‘नवीन टाकून देतो, टिकेल’ असं सांगितलं जातं. कारागिराला ते सोपं पडतं, आणि खोटं तो बोलत नाही, नवी खरंच टिकेल. तरी आग्रह धरा: तबली उतरवायची, चीर सरसाने मिटवायची, आतल्या बाजूने रेषेला आडव्या अशा बारीक लाकडी पट्ट्या द्यायच्या आणि तीच परत बसवायची. घोडीखाली ती थोडी बसलेली असेल, म्हणजे तिला खोलगट बाक आला असेल. जुन्या तंबोऱ्यांत ते असतंच, तेवढ्यासाठी फळी बदलायची गरज नाही. घोडीच्या उंचीत सांभाळून घेतात. आणि वरून पॉलिश पेपर मारू नका म्हणून लेखी सांगा. तबलीची जाडी जिथे जेवढी ठेवलीय ती बनवणाऱ्याने कानाने ठेवलेली असते. चमक आणण्यासाठी तासली की तारांखाली आणखी बसते आणि आवाज पत्र्यासारखा होतो. पाण्याने पांढरं पडलेलं जुनं पॉलिश बहुधा चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापडाच्या बोळ्याने फिरवला की ते डाग बरेचसे जातात. मेलामाइनच्या चकचकीत पॉलिशचा फवारा कुणी सुचवला तर त्या दुकानातून बाहेर पडा.

गळलेल्या नक्षीच्या जागा मी तशाच ठेवल्या असत्या, पण ही आवड झाली. एक मात्र सांगते, बऱ्याच तंबोऱ्यांवरची पांढरी नक्षी सेल्युलॉइडची असते आणि सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. देवघरातल्या समईजवळ तंबोरा ठेवायची आपल्याकडे हौस असते, ती टाळा.

काम कुणाकडे द्यायचं? आधी सूरसागर तलावाच्या काठावर जा. तुमच्या आत्येसासूबाई जिथे शिकल्या ती गायनशाळा मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू केली, आणि आज ती विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. तिथल्या गाण्याच्या शिक्षकांना विचारा, तुमचे तंबोरे कोण पाहतं. जवारी कोण काढतं, म्हणजे तारेचा नाद भरून यावा म्हणून घोडीचा माथा कोण घासून देतं, असं नेमकं विचारा. ज्याच्या हाताला जवारी आहे त्याला तंबोऱ्याचा कान आहे. गिटार-हार्मोनियमचं दुकान चालवणारा वाईट असतो असं नाही, त्याचा कान दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

एवढं मोठं काम त्यांच्याकडून होणार नसेल तर मिरज. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे सतार-तंबोऱ्याचं काम सुरू केलं आणि त्यातून एक अख्खी गल्ली उभी राहिली. बडोद्याच्या दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँसाहेबही पुढे मिरजेतच स्थायिक झाले, तेव्हा बडोद्याच्या तंबोऱ्याने मिरजेला जाणं ही काही नवी गोष्ट नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०२४ मध्येच, तुमचा तंबोरा भिजला त्या वर्षी. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. त्यातला हवा त्या घेराचा, हव्या त्या उंचीचा मिळायला वाट पाहावी लागते. नवीन तंबोरा करताना भोपळा हातात असतो आणि तबली त्याच्या मापाने कापतात. तुमच्याकडे उलटं आहे: तबली ठरलेली, तिला जुळणारा भोपळा शोधायचा. म्हणून आजच मापं घेऊन पाठवा. तबलीची सगळ्यात रुंद जागची रुंदी, भोपळ्याचा घेर, घोडीपासून वरच्या अट्टीपर्यंतचं (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंतचं) अंतर आणि गळ्यापाशी दांडीची रुंदी, एवढं पुरे. सोबत फुटीचे आणि सांध्याचे फोटो.

पाठवायचा तो कुरिअरने नाही. सुटे भाग आहेत, पेटीत बसतील, पुण्यामार्गे रेल्वेने स्वतः घेऊन जा आणि मुलीला बरोबर न्या. तबली उतरवतील तेव्हा आतला फोटो मागा. बनवणाऱ्याचं नाव, गाव, कधी साल, दांडीच्या किंवा तबलीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडतं, चिठ्ठी चिकटवलेली असते. पुरात चिठ्ठी गेली असेल, पेन्सिल बहुधा राहते. काम सुरू होण्याआधी काय जोडणार, काय बदलणार, काढलेले जुने भाग परत देणार की नाही, हे कागदावर घ्या. जुने भाग परत मागाच. खर्च एखाद्या चांगल्या नव्या तंबोऱ्याच्या आसपास गेला तर दचकू नका. नवा करण्यापेक्षा जुना उघडून जोडणं वेळखाऊ असतं. तो हिशेब पटत नसेल तर नवा घ्या आणि जुना जपून ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण निम्म्या पैशात निम्मं काम करून घेऊ नका.

घोडीचं सांगायचं राहिलं. ती खरंच हस्तिदंती आहे का ते भिंगातून पाहा. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात, हस्तिदंत सलग गुळगुळीत असतो आणि आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या पुसट रेषांची जाळी दिसते. बऱ्याचदा ‘हस्तिदंती’ म्हणून सांगितलेली घोडी उंटाच्या हाडाची किंवा सांबरशिंगाची निघते. हस्तिदंत निघाला तर तो विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, सांबरशिंगही त्याच कायद्यात येतं. तेव्हा ते ‘बरे पैसे’ देणारा माणूस तुम्हालाही आपल्याबरोबर अडकवेल. त्याला फोनवर नकार कळवा, घरी बोलावून दाखवत बसू नका. वाडवडिलार्जित वस्तू म्हणून कागदोपत्री काय करावं लागतं ते वनखात्याच्या कचेरीत विचारा आणि ते स्पष्ट होईपर्यंत ती घोडी प्रवासात नेऊ नका. गाण्यासाठी हाडाची किंवा शिसवी नवी घोडी लावता येते. तारांनी जुन्या घोडीवर चर पाडलेलेच असणार, ती घासून जवारी काढायची म्हणजे उरलेला हस्तिदंतही झिजवायचा. तो कशाला?

जवारी सगळ्यात शेवटी, सगळं जुळून, तारा चढून, वाद्य काही दिवस ताणाखाली स्थिर झाल्यावर. आणि त्याआधी मुलीची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून ती गाते ते, कारागिराला सांगून ठेवा. आत्याबाई काळी पाचमध्ये गात असतील आणि मुलगी काळी तीनमध्ये गात असेल, तर तारांची जाडी वेगळी लागेल आणि जवारीही त्याच हिशेबाने बसवावी लागेल. तिची पट्टी अजून ठरायची असेल तर तिच्या गुरुजींना विचारून ठरवा, मग तारा मागवा.